वाचक विचारतात: परदेशी सेवेला निघालेले मॉर्मन तरुण

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची पुष्कळ मुलं आता डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला आणि एम.एस. करायला अमेरिकेला जातात. तिथे त्यांना रस्त्यात, बसथांब्यावर, वसतिगृहाच्या दारात पांढऱ्या शर्टातले, छातीवर काळी नावपट्टी लावलेले, कायम जोडीनं हिंडणारे तरुण भेटतात. त्यांच्याविषयी घरच्यांची पत्रं येत आहेत. एका घरातला तर भाचाच या सेवेला निघालाय. त्यातली काही पत्रं आणि उत्तरं या अंकात. या मंडळींच्या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे नाव ते स्वतः आता टाळतात. पत्रांमध्ये तेच आलंय म्हणून इथेही राहू दिलं आहे.

माझा मुलगा फिलिपिन्समध्ये दावाओला वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिनाभर दोन अमेरिकन मुलं त्याच्या खोलीवर येतात. खोली बदलताना त्यांनी सामान उचलायला मदत केली, एक पुस्तक दिलं, जाताना प्रार्थना करून जातात. याला भिडेपोटी नाही म्हणता येत नाही. मी इथे बसून काय करू?
— एक आई, राजारामपुरी

ताई, आधी ती मुलं कोण ते सांगतो. जगभरात अशी ८० हजारांहून जास्त तरुण मंडळी एकाच वेळी सेवेत असतात. मुलगे १८ ते २५ या वयात निघतात आणि २४ महिने राहतात. मुलींची सेवा १८ महिन्यांची. मुलींसाठी किमान वय २०१२ पर्यंत २१ होतं, मग १९ झालं आणि २०२५ च्या अखेरीस तेही १८ वर आलं. त्यांना पगार नाही. देशही त्यांनी निवडलेला नसतो, चर्चनं पाठवलं तिथे ती गेलेली असतात.

त्यांना काय हवंय, तर तुमच्या मुलानं त्यांचं ऐकावं, ‘बुक ऑफ मॉर्मन’ हे त्यांचं धर्मपुस्तक वाचावं, प्रार्थना करून देवाला विचारावं, रविवारी सभेला यावं आणि शेवटी बाप्तिस्मा घ्यावा. हे ते लपवत नाहीत. विचारलं तर पहिल्याच भेटीत सांगतील. सामान उचलणं हाही देखावा नव्हे. आठवड्यातले काही तास सेवेला द्यायचे असतात आणि बहुतेक मुलं ते मनापासून देतात.

बाप्तिस्मा झटकन उरकण्यासारखा नाही. आधी काही पाठ होतात. मग त्यांच्यातलाच, पण शिकवण्यात नसलेला दुसरा मिशनरी स्वतंत्र मुलाखत घेतो. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडायची, लग्नाआधी शरीरसंबंध नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, रविवारची हजेरी, हे सगळं कबूल करावं लागतं. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. तुमचा मुलगा सज्ञान आहे, तेव्हा निर्णय त्याचा.

आता त्याच्या भिडेविषयी. आपल्याकडे ‘बघू की नंतर’ म्हटलं की समोरचा काय ते समजतो. ही मुलं समजत नाहीत. डायरी उघडून ‘मग गुरुवारी साडेपाचला?’ असं विचारतात, आणि आपला पोरगा मान डोलावतो. त्याला एकच वाक्य शिकवा: ‘तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला पुढे शिकायचं नाही, कृपया पुन्हा येऊ नका.’ एवढं स्पष्ट बोललं की ते थांबतात. त्यांना दिवसाला असे कितीतरी नकार मिळतात आणि स्पष्ट नकाराचं त्यांना वाईट वाटत नाही. आठवडे घालवून शेवटी फोन न उचलणारा माणूस त्यांना जास्त दुखावतो.

एक खूण लक्षात ठेवा. हे तरुण दारावर पैसे मागत नाहीत, बँकेची माहिती मागत नाहीत, एकटे येत नाहीत. यातलं काही घडलं तर तो माणूस मिशनरी नव्हे. आणि फोनवर मुलाला दरडावण्याआधी त्याला काय वाटतं ते विचारा. परक्या गावात आठवड्याला कुणीतरी येऊन आपली चौकशी करतं, यात त्याला बरं वाटत असेल तर त्याच्या एकटेपणाकडेही बघायला हवं.

ही मुलं दिवसभर नेमकं करतात काय?
— अकरावीचा विद्यार्थी, कसबा बावडा

सकाळी साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास: थोडा एकट्यानं, थोडा जोडीदारासोबत. परक्या भाषेत काम असेल तर भाषेचा तास वेगळा. साधारण दहापासून बाहेर. ठरलेल्या भेटी, चर्चच्या सभासदांकडे चकरा, रस्त्यात ओळखी काढणं, फेसबुकवर आलेल्या चौकशांना उत्तरं, कुणाच्या घरी रंगकाम, कुठे मोफत इंग्रजीचा वर्ग. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. देशाप्रमाणे अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, तयारीचा. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, घरी फोन. तोही संध्याकाळी सहापर्यंतच, नंतर पुन्हा काम. सिनेमा, टीव्ही, प्रेमप्रकरण काही नाही. पोहायलाही बंदी आहे, सुरक्षिततेसाठी. रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत डुंबत वाढलेल्या पोराला हे जड जाईल.

पण सगळ्यात अवघड गोष्ट वेळापत्रकात दिसत नाही. ती म्हणजे जोडीदार. आपण निवडायचा नाही. मिशनचा, म्हणजे त्या भागातल्या सेवेचा, अध्यक्ष जोडी लावतो आणि दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कधी सहा आठवड्यांत जोडी मोडते, कधी तीच चार-पाच महिने चालते. नवख्याला पहिले बारा आठवडे अनुभवी जोडीदार शिकवतो. जोडीदार कायम नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवा. एका खोलीत दोन वेगळ्या पलंगांवर झोपायचं. एकट्यानं फेरफटका नाही, रुसून बाहेर पडणं नाही.

भांडणं होतात ती फार क्षुल्लक कारणांवरून: एक पावणेसातला उठतो, एक भांडी तशीच ठेवतो, एक जेवताना बोलतच नाही. मिशनमध्ये यावर एक रीत आहे. आठवड्याच्या नियोजनाच्या वेळी दोघांनी समोरासमोर बसून काय खुपलं ते बोलायचं, दुसऱ्याचं चांगलं काय वाटलं तेही सांगायचं, आणि प्रार्थनेनं संपवायचं. जे ही बैठक टाळतात त्यांची जोडी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आतून फुटलेली असते. दारं बंद होण्याची सवय महिन्याभरात होते, अबोल जोडीदाराची होत नाही. या मुलांची श्रद्धा भाषणांत पाहू नये. ज्याच्याशी पटत नाही त्याचा शर्ट न सांगता इस्त्री करून ठेवण्यात ती दिसते, असं आमचं मत आहे.

भाचा २१ वर्षांचा आहे, डिप्लोमा झालाय. बेंगळुरूला नोकरी करताना या चर्चमध्ये गेला आणि आता सेवेसाठी अर्ज करतोय. देश कुठला मिळेल ठाऊक नाही. आम्हा दोघांना त्याचा निर्णय पूर्ण पटलेला नाही, पण पोराला उघड्यावर टाकणार नाही. तयारी काय करू?
— मामा, नागाळा पार्क

मामा, तुमचं शेवटचं वाक्य त्याला जरूर ऐकवा. बाकीची तयारी त्यानंतरची.

प्रक्रिया अशी. आधी स्थानिक बिशप किंवा शाखाप्रमुख मुलाखत घेतो, मग त्याच्या वरचा पदाधिकारी. प्रश्न श्रद्धेचे असतात तसे वागणुकीचे, कर्जाचे आणि तब्येतीचेही. सोबत डॉक्टर आणि दंतवैद्याचे अहवाल. अर्ज ऑनलाइन अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला, चर्चच्या मुख्यालयात जातो, नेमणूक तिथले प्रेषित, म्हणजे चर्चचे वरिष्ठ नेते, ठरवतात आणि काही आठवड्यांत पत्र येतं: कुठलं मिशन, कुठली भाषा, प्रशिक्षण कधीपासून. पत्र भारतातल्याच मिशनचंही असू शकतं, तेव्हा परदेशाची स्वप्नं आधीपासून रंगवू देऊ नका.

तब्येतीच्या अर्जात काही दडवू नये. दमा, फिट्स, नैराश्याची औषधं, गुडघ्याची जुनी दुखापत, सगळं लिहावं. रोज आठ-दहा किलोमीटर चालणं, नाहीतर सायकल, अपुरी झोप आणि परकं जेवण यांत दडवलेला आजार दोन महिन्यांत वर येतो, आणि मग परदेशातल्या दवाखान्यात जुनी कागदपत्रं शोधत बसावं लागतं. लिहिलं म्हणजे नाकारतात असं नाही. जिथे उपचार मिळतील असं ठिकाण देतात, किंवा घराजवळची सेवा सुचवतात.

दोन वैद्यकीय गोष्टी आपल्या मुलांच्या बाबतीत मुद्दाम सांगायच्या. क्षयाची तपासणी मागितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्तातली आयजीआरए चाचणी करून घ्या. लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेची चाचणी आजार नसतानाही उमटू शकते आणि मग एक्स-रे, पुन्हा तपासणी असं लांबत जातं. दुसरी गोष्ट अक्कलदाढ. अर्धवट बाहेर आलेली, अधूनमधून सुजणारी असेल तर दंतवैद्याला दाखवून निकाल लावा. आणि नेमणूक आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात असेल तर लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, ती निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि पिवळं प्रमाणपत्र परतीपर्यंत जपावं लागतं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

कागदपत्रांत पासपोर्ट आधी काढून बघा. अल्पवयात काढलेला असेल तर मुदत संपली असेल किंवा संपत आलेली असेल. दोन वर्षं सेवेची, वर सहा महिने शिल्लक, म्हणजे निघताना अडीच-तीन वर्षांची मुदत हवी. तिकडे राहून नूतनीकरण होतं, पण राजधानीतल्या दूतावासात खेटे घालण्यात दिवस जातात. काही देश व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स आणि अपोस्टिल केलेला (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का घेतलेला) जन्मदाखला मागतात. जन्मदाखल्यावरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर-अक्षर जुळतं का ते आजच बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यावरच सगळ्यात जास्त अडतं. व्हिसा धार्मिक कामाचाच हवा. पर्यटक व्हिसावर प्रचार करणं बहुतेक देशांत गुन्हा ठरतो, आणि चर्चही तसं पाठवत नाही.

पैशाचं असं: अमेरिका, कॅनडासारख्या सधन देशांतला मिशनरी किंवा त्याचं घर दरमहा ठरीव रक्कम भरतं. ती २०२० पासून ५०० डॉलर आहे आणि लंडनला गेला काय, घानाला गेला काय, सगळ्यांना सारखी. इतर देशांतल्यांनी ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं चर्चच्या निधीतून येतं. आकडा शाखाप्रमुखाशी बसून ठरवा, आणि कर्ज काढून भरू नका. खोलीचं भाडं मिशन देतं. जेवण आणि प्रवासासाठी महिन्याला कार्डावर पैसे येतात. पहिल्या आठवड्यात बाहेर जेवलं की तिसऱ्या आठवड्यात ते संपतात आणि महिनाअखेर नूडल्सवर जाते. यावर औषध एकच, स्वयंपाक. भात, वरण, अंड्याची आमटी, पिठलं आणि कुठलीही एक परतून भाजी एवढं त्याला कुणी जवळ उभं न राहता करता यायला हवं. मामींनी महिनाभर संध्याकाळचा स्वयंपाक त्याच्यावर सोपवावा.

कांदा-लसूण मसाला तो नेणारच. अर्धा किलो पुरे, दोन पिशव्यांत सील करून. मात्र आपल्या मसाल्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिराती व सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. विमान दुबई किंवा सिंगापूरमार्गे असेल तर खसखशीशिवाय कुटून घ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला उतरताना मसाला अर्जात लिहावाच लागतो. लिहिला तर फार तर काढून घेतील, लपवला तर दंड होतो.

कपड्यांची यादी पत्रासोबत येते, ती देशाच्या हवेप्रमाणे बदलते. आठ-दहा पांढरे शर्ट, गडद पँट, टाय. पूर्ण सुती शर्ट घेऊ नका, रोज इस्त्री लागते. पॉलिस्टर मिसळलेलं कापड रात्री धुऊन सकाळी घालता येतं. गांधीनगरला घाऊक भावात मिळतात, पण शर्ट घातल्यावर कॉलरमध्ये एक बोट जातंय का ते बघून घ्या, कारण वरचं बटण दिवसभर लावलेलं असतं. बूट दोन जोड, शिवलेल्या जाड तळाचे, निघण्याआधी महिनाभर रोज घालून सैल केलेले. नवे बूट पहिल्या आठवड्यात टाच सोलतात, आणि पहिल्याच आठवड्यात जोडीदारापुढे लंगडायची लाज वाटते म्हणून पोरं सांगत नाहीत. बटण लावणं, हातानं धुणं, शर्टाच्या कॉलरला धुण्याआधी साबण चोळून ठेवणं हे शिकवून पाठवा.

प्रशिक्षण केंद्रं अमेरिकेत प्रोव्होला, फिलिपिन्समध्ये मनिलाला, घानात अक्राला आणि आणखी काही ठिकाणी आहेत. सुरुवातीचा भाग घरून ऑनलाइन होतो. भाषा येत असेल तर एकूण दोन-तीन आठवडे, नवी भाषा असेल तर सहा ते नऊ. तिथून नावपट्टी लागते आणि त्यावर ‘एल्डर’ ही मिशनरी मुलांची पदवी आणि फक्त आडनाव असतं: ‘एल्डर कांबळे’, ‘एल्डर गायकवाड’. दोन वर्षं त्याला त्याच्या नावानं हाक मारणारे तुम्हीच, आठवड्यातून एकदा फोनवर. सेवेआधी तो त्यांच्या मंदिराचा विधी करून आला तर त्यानंतर अंगात विशिष्ट पांढरे आतले कपडे कायम घालेल. त्याविषयी थट्टा करू नका, त्याच्यासाठी ते व्रत आहे.

मुलगी लीड्सला असते. या संस्थेच्या दोन मुलांना तिनं जेवायला बोलावलंय. चहा पीत नाहीत म्हणे, मग द्यायचं काय?
— सौ. कु., शाहूपुरी

चहा आणि कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही. हा १८३३ मधला त्यांचा नियम आहे. गुळाचा चहाही चहाच, तोही चालत नाही. गवती चहा मात्र पावडर न घालता आलं-साखर घालून उकळला तर चालतो. ताक, सोलकढी, लिंबूसरबत, हळदीचं दूध, पीयूष सगळं चालतं. मटण चालतं. तांबडा रस्सा पहिल्यांदा अर्धी वाटीच वाढायला सांगा, पांढरा हवा तेवढा. पांढऱ्यात काजू आणि तीळ असतात, म्हणून त्यांची ॲलर्जी आहे का ते आधी फोनवर विचारायचं.

महिन्याचा पहिला रविवार टाळावा. त्या दिवशी त्यांचा उपास असतो, दोन वेळा अन्न नाही आणि पाणीही नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांच्या निधीला जातात. वेळ सहा-साडेसहाची द्यावी, कारण नऊला त्यांना खोलीवर पोचायचं असतं. आणि घरात मुलगी एकटी असेल तर ते आत येणार नाहीत. तिच्या मैत्रिणीचा नवरा, शेजारचे काका, असं कुणीतरी असू द्या.

आमचं घराणं तीन पिढ्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत आहे. हे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण आमचे पाळक ते मानत नाहीत. खरं काय?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, ते येशूला तारणारा मानतात, त्याच्याच नावानं प्रार्थना करतात, आणि त्यांना ‘तुम्ही ख्रिस्ती नाही’ म्हटलेलं फार लागतं. पण तुमच्या पाळकांचं म्हणणंही उगाच नाही. तुमच्या मंडळीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव. यांच्याकडे ती तीन वेगळी व्यक्तित्वं, उद्देशानं एक, आणि पित्यालाही देह आहे. तुमच्याकडे पवित्र शास्त्र पूर्ण झालेलं आहे. यांच्याकडे बायबलच्या जोडीला बुक ऑफ मॉर्मन आणि आणखी दोन ग्रंथ आहेत, आणि देव आजही जिवंत संदेष्ट्यामार्फत बोलतो असा विश्वास आहे. रोमन कॅथलिक चर्चनं २००१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचं जाहीर केलं.

त्यांची कथा न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावापासून सुरू होते. जोसेफ स्मिथ हा चौदा वर्षांचा मुलगा कुठलं चर्च खरं हे विचारायला १८२० साली रानात प्रार्थनेला बसला आणि त्याला पिता व पुत्राचं दर्शन झालं, असं ते सांगतात. पुढे सोन्याच्या पत्र्यांवरून त्यानं बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर केलं, १८३० मध्ये ते छापलं, आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्च स्थापन झालं. या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात एक आवाहन आहे: वाचा, आणि हे खरं का ते मनापासून देवाला विचारा. एकोणीस वर्षांच्या मिशनऱ्याची सगळी मदार त्या आवाहनावर असते. वादात तो तुमच्यापुढे टिकणार नाही, आणि वाद घालू नये असंच त्याला शिकवलेलं असतं. ‘मी विचारलं, मला उत्तर मिळालं, तुम्हीही विचारा,’ एवढंच तो म्हणेल. मृत्यूनंतरही कुटुंब एकत्र राहतं आणि त्यासाठी मंदिरात पती-पत्नी, आईवडील-मुलं यांना कायमचं जोडलं जातं, ही शिकवण तो सगळ्यात जिव्हाळ्यानं सांगतो. घरापासून दोन वर्षं दूर राहायचं बळ बऱ्याच जणांना तिच्यातूनच येतं.

कोल्हापूरला मिशनरी नवे नाहीत. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी सेवेला उभं करणाऱ्या चळवळीत तो आघाडीवर होता. त्याच १८५२ साली ह्यू फिंडले हे मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरले आणि पुण्यात त्यांनी छोटी मंडळी उभी केली, पण ते काम थोड्याच वर्षांत बंद पडलं. दोन पद्धतींतला फरक मोठा आहे. वाइल्डरांसारखी माणसं धर्मशास्त्र शिकून, आयुष्यभरासाठी, मराठी शिकून, शाळा काढायला आली. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्याच परंपरेतलं. मॉर्मन तरुणाकडे पदवी नाही, संस्था नाही, दोन वर्षं आहेत. त्याच्याकडून वाइल्डरांची अपेक्षा करू नये, आणि तो मनापासून आलेला नाही असंही समजू नये.

यांच्यात चार-चार बायका करतात ना?
— एक वाचक, गडहिंग्लज

नाही. एकोणिसाव्या शतकात बहुपत्नीत्व होतं. १८९० मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी ते थांबवण्याचं जाहीर केलं. आज कुणी दुसरं लग्न केलं तर त्याला चर्चमधून काढतात. अजून तसं करणारे गट वेगळे आहेत, त्यांचा या चर्चशी संबंध नाही.

माझा मावसभाऊ ब्राझीलला सेवेत आहे, चार महिने झाले. आधी खूप बोलायचा. आता फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच. झोप लागत नाही म्हणाला. मध्येच परत येता येतं का?
— बहीण, इचलकरंजी

येतं, आणि सन्मानानं येता येतं. आधी त्याला हे माहीत आहे याची खात्री करा. बरीच मुलं परत गेलो तर लोक काय म्हणतील या धास्तीनंच आतल्या आत कुढतात.

पहिले दोन-तीन महिने घरची ओढ, भाषेची अडचण आणि थकवा यांमुळे जवळजवळ प्रत्येकाला जड जातात आणि बहुतेक त्यातून सावरतात. पण चौथ्या महिन्यात झोप उडणं आणि बोलणं आटणं हे सोडून देण्यासारखं नाही. पुढच्या फोनला ‘कसा आहेस’ विचारू नका. नेमकं विचारा: रात्री किती वाजता झोप लागते? काल काय जेवलास? जोडीदाराशी शेवटचं मोकळं कधी बोललास? सकाळी उठवतं का? या प्रश्नांना ‘ठीक’ हे उत्तर चालत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. काही मुलं छोट्या-छोट्या नियमभंगांची पुन्हा पुन्हा कबुली देत राहतात: दहा मिनिटं उशिरा उठलो, प्रार्थनेत मन लागलं नाही, म्हणून देव माझ्यावर नाराज आहे. कबुली देऊनही त्यांना सुटल्यासारखं वाटत नाही. ही भक्ती नव्हे. हा चिंतेचा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी डॉक्टर लागतो. जास्त उपवासानं तो वाढतो.

त्यानं मिशनच्या अध्यक्षांना सांगावं. दर आठवड्याला त्यांना पत्र जातं, त्यात एक ओळ पुरते. अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी तीन वर्षांसाठी नेमलेले असतात, तब्येतीची जबाबदारी त्यांच्यावर असते आणि मानसिक आरोग्याचे सल्लागार त्यांच्यामार्फत मिळतात. जोडीदार बदलणं, कामाचं ठिकाण बदलणं, काही आठवडे कमी काम, औषध, यांतल्या एखाद्या उपायानं पुष्कळदा भागतं. नाहीच भागलं तर वैद्यकीय कारणानं परत येता येतं, आणि इच्छा असेल तर बरं झाल्यावर उरलेली सेवा घराजवळ करता येते. तो मरणाविषयी बोलला किंवा जेवण सोडलं असं कळलं, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी मिशन कार्यालयाला फोन लावा. तो नंबर आत्ताच मागून घरात लिहून ठेवा.

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता तयारीच्या दिवशी दर आठवड्याला करता येतो. साओ पाउलोची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. त्याच्या सकाळी साडेदहाला तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात. त्या वेळी घरात दहा माणसं गोळा करू नका. आई आणि तुम्ही, एवढंच. बाकीच्यांनी ईमेल लिहावी.

दोन वर्षांनी परत आल्यावर शिक्षणाचं काय?
— एक पालक, उजळाईवाडी

निघायची वेळ नीट निवडली तर नुकसान होत नाही. बारावीनंतर लगेच निघालेल्या मुलाची जेईई ॲडव्हान्स्डची संधी जाते, कारण ती परीक्षा बारावीनंतर सलग दोनच वर्षं देता येते. एमएचटी-सीईटी आणि नीट परत आल्यावर देता येतात, मात्र त्या वर्षी पुन्हा नव्यानं. प्रवेश मिळाल्यावर जागा दोन वर्षं राखून ठेवा म्हटलं तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ठेवत नाहीत. म्हणून डिप्लोमा किंवा पदवी संपवून, २५ च्या आत निघणं आपल्या मुलांना सोयीचं पडतं.

परत आल्यावर प्रवेशासाठी खंड का पडला त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. सेवा पूर्ण झाल्याचं चर्चचं पत्र आणि पासपोर्टवरचे शिक्के जोडून ठेवा. अभ्यासक्रम आणि नोकरी यांची चौकशी आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मागे लावू नका. चोवीस महिने दर अर्ध्या तासाचं नियोजन केलेल्या आणि कधीच एकटा न राहिलेल्या मुलाला रिकामी दुपार आणि रिकामी खोली सुरुवातीला सोसत नाही. त्याला रोजचं एखादं ठरलेलं काम द्या, दुकानावर बसणं, भावाचा अभ्यास घेणं, काहीही. महिन्याभरानं प्रवेशाचे अर्ज पुढे ठेवा.